करिमणल

"तिकडं जमिनीतून किरणं येतात म्हणे," आई फोनवर म्हणाली. "मावशीच्या ग्रुपवर आलंय. आणि तू चौथ्या महिन्यात तिथं जाऊन राहणार? तुझे सासरे कशानं गेले ते विसरलीस का?"

विसरले नव्हते. सासरे, म्हणजे अच्छन, फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. २००३ साली, आमच्या लग्नाच्या खूप आधी. आणि आईच्या मावशीच्या ग्रुपवर आलेलं निम्मं तरी खरं होतं. माझं सासर केरळातल्या कोल्लम जिल्ह्यात, चवऱ्याला आहे. नींडकऱ्यापासून करुनागप्पळ्ळीच्या दिशेनं जाणाऱ्या त्या किनारपट्टीवर काळी वाळू आहे. मल्याळममध्ये तिला करिमणल म्हणतात. त्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, मोनाझाइटमध्ये थोरियम आहे, आणि थोरियम किरणोत्सारी आहे. जगात जिथं माणसं पिढ्यानपिढ्या राहतात अशा सगळ्यात जास्त नैसर्गिक किरणोत्सार असलेल्या जागांमध्ये या पट्ट्याचं नाव येतं. इराणमधलं रामसर, चीनमधलं यांगजियांग, ब्राझीलमधलं ग्वारापारी आणि आमचं चवरा.

लग्न करताना मला हे माहीत होतं. एमएस्सीला फिजिक्स होतं, त्यामुळे नवऱ्यानं गावाचं नाव सांगितल्यावर मी पहिलं वाक्य "अरे, ते मोनाझाइटवालं?" असं बोलले होते. तो हसला होता. तेव्हा ते इंटरेस्टिंग वाटलं होतं. पोटात बाळ असताना तीच गोष्ट इंटरेस्टिंग वाटत नाही.

जुलैत अम्मा अंगणातल्या शेवाळावरून घसरली. उजव्या हाताचं मनगट मोडलं. घरात एकटी, विहिरीचं पाणी, एका हाताला प्लास्टर. नवऱ्याची सुट्टी दहा दिवसांत संपली. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही करता येतं. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलं. मी जाणं हे सरळ होतं. फक्त आईला ते सरळ वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर रात्री अडीच वाजता मलाही वाटत नव्हतं.

म्हणून मी ऑनलाइन एक गायगर काउंटर मागवला. मोबाइलपेक्षा थोडा जाड, पिवळा डबा.

*

काउंटर आल्यावर आधी पुण्यातला फ्लॅट मोजला. ताशी ०.११ मायक्रोसिव्हर्ट. मग निघायच्या आधी दोन दिवस साताऱ्याजवळ माहेरी गेले, तिथं ०.०८. यात नवल नाही. दख्खनचा काळा बेसाल्ट हा युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब खडक आहे. आपण महाराष्ट्रातले बरेचसे लोक देशातल्या सगळ्यात शांत जमिनींपैकी एकीवर राहतो, आणि त्याचं श्रेय कुणालाच नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आत वायू भरलेली एक नळी असते. किरण नळीतून गेला की वायूत क्षणभर वीज वाहते आणि 'टक्' असा आवाज होतो. तेवढंच. तो टक् कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. कधी तीन पाठोपाठ, मग बराच वेळ काही नाही. त्यामुळे पहिल्या मिनिटाचा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नसतो. शंभर टकटक मोजल्या तर त्यात दहाची चूक गृहीत धरायची, दहा हजार मोजल्या तर शंभराची. म्हणजे चूक दहा टक्क्यांवरून एक टक्क्यावर येते. बाकी सगळं सोडा, या यंत्राचा पहिला नियम 'थांब' असा आहे.

दुसरंही एक. माझ्यासारखे स्वस्त काउंटर साधारणपणे सीझियमच्या किरणांवर जुळवलेले असतात. थोरियमच्या साखळीतले काही किरण त्याहून बरेच ताकदवान असतात. त्यामुळे माझे आकडे इकडेतिकडे होणार हे धरूनच चालले होते. शास्त्रज्ञ घरं मोजतात ती अशी नव्हे. ते नीट जुळवलेली मीटर घेऊन घराच्या आत आणि बाहेर मोजतात. किंवा घरात एक छोटा बॅज काही महिने टांगून ठेवतात. त्या बॅजमधले स्फटिक पडलेल्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि नंतर प्रयोगशाळेत तापवले की तेवढ्या प्रमाणात उजेड देतात. भिंतीवर टांगलेला, काहीही न बोलता हिशेब ठेवणारा बॅज. मला ती कल्पना फार आवडते.

*

अम्माच्या घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटर चालू केला. पुण्यात अधूनमधून टकटकणारा डबा इथं तव्यात मोहरी तडतडावी तसा वाजायला लागला. मी आवाज बंद केला. अम्मा स्वयंपाकघरात होती.

तासभर ठेवला. सात हजारांवर टकटक. आतल्या खोलीत ०.८. व्हरांड्यात ०.९. अंगणात १.१, माडाच्या बुंध्याशी १.६. संध्याकाळी समुद्रावर गेले. पावसाळ्यात लाटांनी ताजी वाळू आणून टाकली होती. हलकी पांढरी वाळू लाटेबरोबर परत जाते आणि जड खनिजं मागे राहतात, म्हणून ओल्या किनाऱ्यावर काळे पट्टे पडलेले असतात. काळं दिसतं ते मुख्यतः इल्मेनाइट. त्याच्या आड मधाच्या रंगाचे बारीक कण असतात, ते मोनाझाइट. एका जाड पट्ट्यावर डबा ठेवला. ४.८.

परत येऊन वहीत मांडलं. घरातला ०.८ वर्षभराचा केला तर सात मिलिसिव्हर्ट. जगात माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग श्वासातून जाणाऱ्या रेडॉनचा. माझे सात हे नुसते बाहेरून येणारे. थोरियमपासून थोरॉन नावाचा वायूही सुटतो. तो माझ्या डब्याला कळत नाही. त्याचं अर्धायुष्य मिनिटाहून थोडं कमी, त्यामुळे तो भिंती-जमिनीपासून फार लांब जाण्याआधीच बराचसा संपतो. तरी मी खिडक्या उघड्या ठेवायला लागले.

मग तो नियम आठवला, जो आठवायला नको होता. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार अणुभट्टीत किंवा एक्स-रे विभागात काम करणारी बाई गरोदर असल्याचं कळलं, की तिथून पुढे बाळाला कामामुळे मिळणारा डोस एक मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. अम्माच्या घरात मला एक मिलिसिव्हर्ट व्हायला साधारण सात-साडेसात आठवडे लागणार होते. मी अकरा आठवडे राहणार होते. हिशेब केला: दीड मिलिसिव्हर्ट. त्याच काळात पुण्यात राहिले असते तर ०.२.

त्या नियमात नैसर्गिक किरणोत्सार धरत नाहीत. धरता येणारच नाही, कारण मग चवरा, पन्मना, आलप्पाड इथल्या प्रत्येक गरोदर बाईला नियम मोडल्याची नोटीस पाठवावी लागेल. बाळात व्यंग होण्याचा किंवा त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याचा प्रश्न ज्या डोसच्या पुढे येतो, तो साधारण शंभर मिलिसिव्हर्टच्या घरात आहे. दीड आणि शंभर यांत केवढं अंतर आहे हे मला कळत होतं. तरी रात्री झोप लागेना. एकाच माणसाला कायदा एक सांगतो आणि जन्मगाव दुसरं, हे वहीत मांडलं तरी पोटात उतरत नाही.

*

चौथ्या दिवशी अम्मानं पकडलं. "मोळे, हा डबा कसला? साखरेचा?"

साखर मोजायचं यंत्र वाटलं होतं तिला. मी सांगितलं. माझं मल्याळम तुटकं, तिचं हिंदी त्याहून तुटकं, पण 'रेडिएशन' हा शब्द तिला माझ्याइतकाच माहीत होता.

"ते मोजून गेलेत," ती शांतपणे म्हणाली. "मुलं लहान होती तेव्हा. दोन पोरं आली होती मोठं यंत्र घेऊन. आत मोजलं, बाहेर मोजलं. मग बसून विचारत राहिली. किती वर्षं इथं राहता, कुठं झोपता, दिवसातले किती तास बाहेर. यांना विचारलं, बिडी किती ओढता."

"अच्छन काय म्हणाले?"

"खोटं बोलले. दोन म्हणाले. मी आतून ओरडले, दोन बंडल!"

ती हसली. मी हसले नाही, कारण मला कळलं की ती काय सांगते आहे. मी ज्या अभ्यासाबद्दल एमएस्सीला वाचलं होतं, त्यात अम्मा होती.

१९९० च्या दशकात तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरनं करुनागप्पळ्ळी तालुक्यात घरोघरी जाऊन ३,८५,१०३ माणसांची नोंद केली. सत्तर हजारांहून जास्त घरांत किरणोत्सार मोजला. कोण काय खातं, काय ओढतं, काय काम करतं, सगळं लिहून घेतलं. मग तिथल्या कॅन्सर नोंदणीशी ते जोडत राहिले. २००९ साली जो निष्कर्ष छापून आला तो सहा पंचायतींमधल्या तीस ते चौऱ्याऐंशी वयाच्या ६९,९५८ माणसांवरचा आहे. सरासरी साडेदहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्या काळात १,३७९ जणांना कॅन्सर झाला, त्यातल्या ३० जणांना ल्यूकेमिया.

ज्यांच्या घरात किरणोत्सार जास्त, त्यांना कॅन्सर जास्त झाला का? नाही. तसा संबंध दिसला नाही. एकूण नाही, आणि वेगवेगळ्या अवयवांचे कॅन्सर वेगळे करून बघितले तरी नाही.

वय, गाव, वर्ष सगळं जुळतं. त्या १,३७९ मध्ये एक बहुधा अच्छन असावेत.

"आकडा सांगितला होता का त्यांनी तुम्हाला? घराचा?" मी विचारलं.

"सांगितला असेल. मासे साफ करायचे होते."

*

रात्री आईला फोन केला. अभ्यासाबद्दल सांगितलं. आई निवृत्त शिक्षिका आहे, गणिताची. तिनं बरोबर जागी बोट ठेवलं.

"दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं असतं का गं?"

नसतं. तिला फसवायचं असतं तर "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" म्हणून विषय संपवता आला असता. पण त्या अभ्यासाचा आकडा असा आहे: एका ग्रेमागे, म्हणजे हजार मिलिग्रेमागे, कॅन्सरचा धोका उणे ०.१३ पटीनं बदलतो, आणि खरा आकडा उणे ०.५८ ते अधिक ०.४६ यांच्या दरम्यान कुठंही असू शकतो. उणे म्हणजे किरणांनी फायदा होतो असं नव्हे, शून्य त्या पट्ट्याच्या आतच आहे. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्या लोकांवरून जो आकडा येतो तो साधारण अर्ध्याच्या आसपासचा. म्हणजे करुनागप्पळ्ळीच्या पट्ट्याची वरची कड जवळजवळ तिथंच टेकते. सत्तर हजार माणसं दहा वर्षं मोजूनही निसर्गानं "धोका असलाच तर मोठा नाही" एवढंच कबूल केलंय. "शून्य" हा शब्द त्यानं दिलेला नाही.

आणि सगळे अभ्यास एका सुरातही नाहीत. १९७६ साली 'नेचर'मध्ये एक निबंध आला होता, त्यात या किनाऱ्यावर डाउन सिंड्रोमची मुलं जास्त आढळल्याचं म्हटलं होतं. त्यावर बरेच वाद झाले, कारण संख्या लहान होती. पुढे १९९५ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी इथल्या दवाखान्यांत जन्मणारी बाळं तपासायला सुरुवात केली. लाखाहून जास्त बाळं तपासल्यावर जास्त किरणोत्साराच्या भागात व्यंगं जास्त आहेत असं दिसलं नाही. २००२ साली मात्र दुसऱ्या एका गटाला इथल्या कुटुंबांत आईकडून मुलाकडे जाणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत बदल जास्त दिसले. बदल म्हणजे आजार नव्हे. पण बदलच नाहीत असंही नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

"मग अच्छनना कशानं झाला?"

"बिडीनं असेल. याच भागातल्या अभ्यासांत बिडी ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर जास्त होतो हे स्पष्ट दिसलंय. पण त्यांना बिडीनंच झाला, हेही सांगता येत नाही, आई. एका माणसाचं सांगताच येत नाही."

हे बोलताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय मोजत होते. अंगणातल्या वाळूचा आकडा माझ्या डब्याला कळतो. पण 'धोका' नावाची वस्तू त्या अंगणात नसतेच. ती सत्तर हजार माणसं एकत्र उभी केली की मगच कुठं अंधुक दिसते. एकेक माणूस जवळ घेऊन बघायला गेलं की ती नाहीशी होते, आणि उरतात ते अच्छन, बिडीची दोन बंडलं आणि आतून ओरडणारी अम्मा.

*

अम्माला मी एकदा विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत?

"वाटते ना. समुद्राची."

२००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा जवळच्या आलप्पाडला शंभराहून जास्त माणसं गेली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालवा आणि मधे चिंचोळी जमीन. पळणार कुठं? अम्माची मावसबहीण तिथली. त्या जमिनीची पट्टी वर्षानुवर्षं कमी होत आली आहे, आणि वाळूच्या खाणकामामुळे ती आणखी खचते म्हणून तिथल्या लोकांनी २०१८-१९ मध्ये मोठं आंदोलन केलं. हातात फलक घेतलेल्या पोरांचे व्हिडिओ तेव्हा फिरले होते. ज्या वाळूची मला भीती वाटत होती, ती इथून नेऊ नका म्हणून ते लोक उपोषणाला बसले होते.

मग अम्मानं मला विचारलं. माझ्याकडे न बघता, डाव्या हातानं शेंगा मोडत. "तुला जायचं असलं तर जा, मोळे. मी शेजारच्या चेच्चीला सांगेन. पण बाळ झाल्यावर आणणार आहेस ना इथं? की आईनं नको म्हटलंय?"

त्या घरातला किरणोत्सार इतके दिवस माझ्यासाठी माझा आणि बाळाचा प्रश्न होता. तिच्यासाठी तो प्रश्न असा होता: माझं घर हे घर आहे की नाही? या खोल्यांत तिची तीन बाळंतपणानंतरची सव्वा-सव्वा महिन्यांची विश्रांती झाली होती. माझा नवरा याच अंगणात त्या काळ्या वाळूत बसून वाढला होता. मी पिवळा डबा फिरवत होते तेव्हा ती हे सगळं बघत होती.

मी राहिले. अकरा आठवडे. बिछाना भिंतीपासून खोलीच्या मध्यावर ओढला, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि वाळूवर बसायचं टाळलं. यातल्या कशानं किती फरक पडला हे मोजलं नाही. 'धोका नाही' अशी माझी खात्री झाली म्हणून राहिले नाही. असलाच तर तो इतका लहान आहे, की दुसऱ्या पारड्यात एका हाताची, विहिरीचं पाणी ओढणारी साठीतली बाई ठेवली तर पारडं हलत नाही, असं वाटलं म्हणून राहिले. हा फिजिक्सचा निर्णय नव्हता. फिजिक्सनं फक्त वजनं दिली.

*

सातव्या महिन्यात माहेरी आले. डोहाळजेवणाची भांडी काढताना माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. आजोबा लग्नाला, छबिन्याला, तमाशाच्या फडाला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. पेटीत पंपाचे वायसर, पिना आणि कागदात गुंडाळलेली मेंटलची सात-आठ जुनी पाकिटं. मेंटल म्हणजे ती जाळीची पिशवी, जी पेटवली की कापड जळून जातं आणि राखेचा सांगाडा पांढराशुभ्र उजेड देतो.

मला माहीत होतं, तरी मी डबा आणला. पाकिटांवर ठेवला. मोहरी तडतडायला लागली.

जुन्या मेंटलचा तो सांगाडा जवळजवळ सगळाच थोरियम ऑक्साइडचा असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन रसायनज्ञ शॉम्बर्ग याला भारतातून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं, आणि त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची वाळू जहाजांनी युरोपात जायला लागली ती याच मेंटलांसाठी. स्वातंत्र्यानंतर ती निर्यात थांबली आणि १९५० साली सरकारी इंडियन रेअर अर्थ्स कंपनी निघाली. पुढे केरळातच अलुव्याला मोनाझाइटवर प्रक्रिया व्हायला लागली. आजोबांच्या पाकिटातलं थोरियम नेमकं कुठलं हे मला सांगता येणार नाही. पण ती माझ्या सासरच्या वाळूची जातवाली वस्तू होती, आणि आमच्या माळ्यावर चाळीस वर्षं होती.

आई दारात उभी होती. "हे काय वाजतंय?"

"तिकडं वाजत होतं तेच."

तिनं पाकिटं बघितली. मग मला म्हणाली, "लहानपणी मेंटल बांधायचं काम माझं होतं. दोरा दातानं तोडायचे मी." थोडं थांबून, "आता सांग. मला काय होईल?"

"काही नाही होणार बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक, आई. याहून खरं मला सांगता येत नाही."

तिनं मान हलवली. रागानं नव्हे. पाकिटं तिनं टाकली नाहीत. तोंड नीट बांधून पेटीत ठेवली आणि पेटी पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वर सरकवली. मग अम्माला फोन लावायला सांगितलं. दोघींची भाषा एक नाही, तरी दहा मिनिटं बोलल्या. एवढंच कळलं की आई 'हात, हात' म्हणत होती आणि पलीकडून अम्मा 'ओके, ओके'.

मुलगी झाली. चांगली आहे. हे मी पुरावा म्हणून लिहीत नाही. अच्छनच्या कॅन्सरनं जसं काही सिद्ध होत नाही, तसं माझ्या मुलीच्या तब्येतीनंही होत नाही. दोघंही एकेक ठिपका आहेत. एक आकडा मोठा करणारा, एक लहान करणारा.

मे महिन्यात आम्ही तिकडं जातो. ती आता अंगणात बसून करिमणल मुठीत धरते आणि सोडते. अम्मा व्हरांड्यातून लक्ष ठेवते, वाळू तोंडात घालू नये म्हणून. डबा माझ्या बॅगेत असतो. मागच्या वेळी काढला नाही.